अद्भुताची किंमत

सुरतेतील मराठी विद्यार्थ्यांच्या दप्तरांत अलीकडे पिशाचांच्या प्रणयमालिका आढळतात आणि शिक्षक त्या काढून घेतात. हा उपाय जुनाच आहे. हळब्यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत (१९१३) आपल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरही असंभाव्यतेचा आक्षेप आला, तरुणांनी त्या आवडीने वाचल्याच.

आमच्या मते दोष असंभाव्यतेत नाही. अद्भुताची किंमत कोणी मोजतो काय, हा खरा प्रश्न होय. रोलिंगबाईंच्या ‘हॅरी पॉटर’च्या सात भागांत (१९९७-२००७) जादू विपुल आहे; परंतु मेलेले माणूस कोणत्याही मंत्राने जिवंत होत नाही. म्हणूनच पोरक्या नायकाचा शोक खरा वाटतो. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत (२००५-२००८) रक्तपिपासू नायक मनुष्यरक्त वर्ज्य करतो. तृष्णा आणि संयम यांचे हे द्वंद्व पहिल्या भागात खरोखरच वेधक उतरले आहे. चौथ्या भागात मात्र, प्रसूतीच्या यातना सोडल्या तर, नायिकेला अमरत्व, पती, कन्या सारे लाभते. पितादेखील दुरावत नाही. ज्या तृष्णेचा एवढा दरारा होता, ती नवपिशाच नायिका जवळजवळ विनासायास आवरते. येथे लेखिकेने आपलाच नियम मोडला आहे.

तेव्हा पुस्तक काढून न घेता वर्गात एवढेच विचारावे : नायिकेने काय गमावले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थ्याची गोडी कमी होणार नाही. तिला विवेकाची जोड मात्र मिळेल.