कोट उतरवला तेव्हा

कामावरून कमी करण्याला मराठीने ‘नारळ देणे’ असा गोड शब्द शोधून काढला आहे. शुभकार्याचे फळ हातावर ठेवायचे आणि दार दाखवायचे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाला मराठी येत असण्याचे कारण नव्हते. पण त्याचा १९२४ सालचा ‘डेर लेट्झ्टे मान’, म्हणजे ‘शेवटचा माणूस’, हा मूकपट नेमकी या नारळाची गोष्ट सांगतो.

‘अटलांटिक’ नावाच्या आलिशान हॉटेलच्या दारात एक म्हातारा दरवान उभा असतो. भारदस्त मिशा, चकाकत्या बटणांचा लांब कोट. संध्याकाळी तो कोट घालूनच आपल्या गरीब वस्तीत परततो आणि सारी वस्ती त्याला सलाम करते. एका पावसाळी दिवशी जड ट्रंक उचलल्यावर तो क्षणभर टेकतो. नेमके तेवढेच मॅनेजरच्या नजरेस पडते. दुसऱ्या दिवशी दारात त्याच्या जागी तरुण दरवान, आणि म्हाताऱ्याच्या हाती पत्र: वय झाले, आता तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायचे काम.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. मूकपटांत पडद्यावर संवादांच्या पाट्या येत. पटकथाकार कार्ल मायर आणि मुर्नाऊ यांनी इथे त्या जवळजवळ काढूनच टाकल्या. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा तिवईवरून सोडवून फिरता केला. गोष्ट कोणत्याच भाषेची राहिली नाही. अक्षरे येतात ती मुख्यतः त्या पत्रात! म्हातारा चष्मा चढवून ते वाचतो, आणि हा प्रसंग पाहताना मला माझे मामा आठवले. इथल्याच एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये त्यांचा हात वाखाणला जाई. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना इंग्रजीत पत्र आले. घरात मराठी, बाजारात कानडी, इंग्रजी मात्र भाच्याकडून वाचून घ्यायचे. ‘हलके काम’ दिले होते: फाटकावर वहीत नोंदी करायच्या. पगार तोच. “बरे झाले की, दगदग वाचली,” असे सगळे म्हणाले. मामा काही बोलले नाहीत. मीही त्या दिवशी ‘बरे झाले’ म्हणणाऱ्यांतच होतो.

मुर्नाऊची खरी पकड इथे आहे. त्याचा मॅनेजर दुष्ट नाही. तो आपल्या परीने म्हाताऱ्याची सोयच लावतो, आणि अपमान त्या सोयीतच दडलेला असतो. म्हातारा तिथल्या तिथे ट्रंक उचलून ताकद दाखवू पाहतो आणि कोसळतो. मग अंगावरून कोट काढला जातो, एक बटण तुटून पडते. घरात लग्न आहे म्हणून रात्री तो आपलाच कोट चोरून नेतो. चोरी उघडी पडल्यावर काल सलाम करणारी वस्तीच त्याला हसते. मालकापेक्षा शेजारी निष्ठुर निघतात, हे मला या चित्रपटाचे सर्वांत खरे निरीक्षण वाटते.

भूमिका एमिल यानिंग्जची. खांदे पडत जाणे, चाल जड होणे हे सारे त्याने पाठमोऱ्या देहातूनही दाखवले आहे. तेव्हा त्याचे वय होते अवघे चाळीस! वयामुळे काम गेलेल्याची भूमिकादेखील तरुणाच्याच वाट्याला यावी, ही गंमत मुर्नाऊच्या ध्यानात आली असेल का कोण जाणे. पुढे १९६७ साली अमेरिकेने वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, त्याचे संरक्षणही चाळिशीपासूनच सुरू होते. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करताना शेवटी आलेला आधी जावा, असे सूत्र होते. मग नव्वदीच्या दशकात स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांचे पेव फुटले. त्यातली ‘स्वेच्छा’ कोणाची, हे कामगारवस्तीत कोणाला सांगावे लागत नव्हते.

चित्रपटाच्या शेवटावर बरीच टीका झाली आहे. लेखकाला दया आली अशी पाटी दाखवून म्हाताऱ्याला अचानक एका कोट्यधीशाचा वारसा मिळतो आणि तो त्याच हॉटेलात यथेच्छ जेवतो. मला हा शेवट खटकत नाही. अशा माणसाला न्याय लॉटरीतूनच मिळू शकतो, हे पाटी लावून कबूल करण्याइतका तो प्रामाणिक आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. म्हाताऱ्याला स्वच्छतागृहात जागा मिळते, कारण तिथला त्याच्याहूनही जुना नोकर वृद्धाश्रमात धाडला जातो. पत्रातल्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. त्याला कोट नव्हता, त्याला कोणी सलाम करत नव्हते, आणि मुर्नाऊचा तो सुटा, भिरभिरणारा कॅमेराही त्याच्या मागे दारापर्यंत जात नाही.