उशाचा धोंडा

मराठी बायबलमध्ये 'स्तंभ' हा शब्द आला की माझ्या डोळ्यांसमोर अशोकस्तंभच यायचा. उंच, गुळगुळीत, वर सिंह. त्यामुळे 'उत्पत्ती'च्या २८व्या अध्यायातला याकोब मला कधी नीट दिसलाच नाही. घरातून पळालेला पोरगा, रात्र झाली म्हणून उघड्यावर झोपतो, उशाला एक धोंडा घेतो. स्वप्नात शिडी दिसते, देव बोलतो. पहाटे उठून तो त्या धोंड्याचा स्तंभ उभारतो आणि वर तेल ओततो. एकट्याने स्तंभ कसा उभारला असेल?

मूळ हिब्रू शब्द कळला तेव्हा चित्र जुळलं. शब्द आहे 'मत्सेवा', आणि त्याच्या मुळाशी 'उभं असणं' एवढाच अर्थ आहे. रात्रभर आडवा होता तो धोंडा सकाळी उभा केला, बस्स. त्यावर ना मूर्ती, ना अक्षर. आपल्याकडे बांधाला उभा केलेला आणि शेंदूर फासलेला दगड पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'स्तंभ' या शब्दाने मात्र ते उगाच अवघड केलं.

याकोबाच्या आयुष्यात असे चार दगड येतात. पहिला हा बेथेलचा. दुसरा सासरा लाबान आणि तो भांडून वेगळे होतात तेव्हाचा: तू इकडे यायचं नाही, मी तिकडे येणार नाही, साक्षीला हा दगड आणि शेजारची दगडांची रास. (सासरा त्या राशीला अरामी भाषेत नाव देतो आणि जावई हिब्रूत. अर्थ एकच, पण दोघांना आपापली भाषा सोडवत नाही. कौटुंबिक भांडणाचं इतकं खरं वर्णन मी फार कमी वाचलंय.) तिसरा परत बेथेलला. चौथा वाटेत बाळंतपणात गेलेल्या राहेलच्या कबरीवर.

कार्ल ग्रेसर या अभ्यासकाने १९७२ साली अशा दगडांची कामं वेगळी करून दाखवली: मेलेल्याची आठवण, कराराची साक्ष, घडलेल्या प्रसंगाची खूण आणि पूजा. वाटणी उपयोगी आहे, पण याकोबाच्या गोष्टीत ती टिकत नाही. बेथेलचा दगड खूण आहे म्हणावं, तर याकोब सरळ म्हणतो की हा दगड देवाचं घर होईल. सीमेवरचा दगड करार आहे म्हणावं, तर त्याच्यापाशी देवाची शपथ घेतली जाते. दगडापाशी येणाऱ्या माणसाला हे खण वेगळे दिसत नसावेत.

आता खरी अडचण. याच बायबलमध्ये, 'अनुवाद'च्या १६व्या अध्यायात, मत्सेवा उभारू नकोस, देवाला तिचा द्वेष आहे, असा स्पष्ट हुकूम आहे. कनान्यांच्या मत्सेवा फोडून टाका, असं तर अनेकदा येतं. हिज्कीया आणि योशीया या राजांनी त्या फोडल्या, हे त्यांच्या कौतुकाच्या यादीत आहे. म्हणजे पूर्वजाने तेल घातलेली वस्तू वंशजाने फोडायची. अकराव्या शतकातला फ्रेंच ज्यू भाष्यकार रशी यावर म्हणतो की पूर्वजांच्या काळी ती देवाला प्रिय होती, पण पुढे कनान्यांनी तिला आपला रिवाज केल्यावर नावडती झाली. हे उत्तर मला आवडतं, कारण त्यात सारवासारव नाही. प्रेम होतं, हे तो लपवत नाही.

आणि प्रेम होतं याचा पुरावा जमिनीतही सापडला. नेगेव वाळवंटाच्या कडेला अराद नावाचा यहूदाच्या राज्याचा किल्ला आहे. १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा किल्ल्यात चक्क एक देऊळ निघालं. आतल्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, वरून गोलाकार असा एक घडीव दगड, आणि उंबऱ्याशी धूप जाळायच्या दोन वेदी. २०२० साली त्या वेदींवरच्या काळ्या थराचं पृथक्करण झालं. एकीवर ऊद निघाला आणि दुसरीवर गांजा. अर्थात बातमी गांजाचीच झाली.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने थांबवलं. त्या वेदी फोडलेल्या नव्हत्या. त्या आडव्या निजवून वरून झाकल्या होत्या. कुणी आणि कोणत्या राजाच्या काळात, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ग्रंथ 'फोडा' म्हणतो आणि इथे कुणाच्या तरी हातांनी निजवलं, एवढं दिसतं.

हे सगळं मी वाचायला लागले ती खरं तर अबशालोममुळे. दावीद राजाचा हा देखणा मुलगा बापाविरुद्ध बंड करतो आणि मरतो. 'दुसरे शमुवेल'च्या १८व्या अध्यायात त्याच्या मृत्यूनंतर लगेच दोन वाक्यं येतात. पहिल्यात त्याचं प्रेत रानातल्या खड्ड्यात फेकून वर दगडांची मोठी रास रचतात. दुसऱ्यात लेखक सांगतो की जिवंत असताना अबशालोमने राजाच्या खोऱ्यात स्वतःसाठी मत्सेवा उभारली होती. माझं नाव चालवायला मुलगा नाही, असं म्हणून. आपण निवडलेला दगड आणि लोकांनी घातलेले दगड, दोन्ही शेजारी. लेखक यावर एक शब्द बोलत नाही. मला बायबलमधला हा सगळ्यात निर्दय जोड वाटतो.

पण मुलगा नाही, हे खरं का? चारच अध्याय मागे, १४व्यात, त्याला तीन मुलगे आणि एक मुलगी झाल्याचं लिहिलंय. मुलगे लहानपणीच गेले असावेत, असं टीकाकार सुचवतात. असेल. मला खटकतं ते दुसरंच. तिथे मुलग्यांची नावं दिलेली नाहीत, मुलीचं दिलंय: तामार. तेच नाव अबशालोमच्या बहिणीचं. सावत्र भाऊ अम्नोनने तिच्यावर बलात्कार केला, बाप रागावला पण काही केलं नाही, आणि अबशालोमने दोन वर्षं थांबून अम्नोनला मारलं. ज्या माणसाने बहिणीचं नाव मुलीला दिलं, तो म्हणतो, नाव चालवायला मागे कोणी नाही.

माझ्या आईच्या काकांना दोन मुली होत्या. दोघींनी त्यांचं शेवटपर्यंत केलं. तरी भाऊबंद त्यांच्याबद्दल बोलताना 'त्यांच्यामागे कोणी नाही' असंच म्हणायचे, आणि त्या दोघी चहा देत तिथेच उभ्या असायच्या. आम्हीही दोघी बहिणीच. त्यामुळे अबशालोमचं ते वाक्य मी तटस्थपणे वाचू शकत नाही, आणि प्रयत्नही करत नाही.

त्याच्या दगडाला हिब्रूत 'याद' असंही म्हटलंय. यादचा नेहमीचा अर्थ हात, इथे स्मारक. हाच शब्द पुढे 'यशया'च्या ५६व्या अध्यायात येतो. जुन्या नियमाने मंडळीत प्रवेश नसलेल्या षंढांना तिथे देव वचन देतो: माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत तुम्हाला 'याद वाशेम', स्मारक आणि नाव, देईन, आणि ते मुलगे-मुलींपेक्षा चांगलं असेल. हे मला अबशालोमला दिलेलं उशिराचं उत्तर वाटतं. नाव टिकायला मूल लागत नाही, आणि दगड तर ज्याचा द्वेष सांगितला त्या देवाच्याच घरात. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकसंस्थेला १९५३ साली हेच दोन शब्द नाव म्हणून दिले गेले. मारलेल्यांत कितीतरी घरांत मागे कोणीच उरलं नव्हतं.

चार कामांपैकी आज मत्सेवा या शब्दापाशी एकच काम उरलंय. हिब्रूत मत्सेवा म्हणजे आता कबरीवरचा दगड. राहेलचा दगड राहिला, बेथेलचा गेला.

जेरुसलेमजवळच्या किद्रोन खोऱ्यात 'अबशालोमची कबर' म्हणून एक खडकात कोरलेली वास्तू दाखवतात. ती त्याच्या काळानंतर सुमारे हजार वर्षांनी झालेली आहे, त्याचा तिच्याशी संबंध नाही. पण लोकांनी संबंध मानला. येणारेजाणारे तिच्यावर दगड मारत, आईबाप हट्टी पोरांना तिथे आणून बापाशी भांडणाऱ्याचं काय होतं ते दाखवत, त्यांच्या हातूनही दगड मारून घेत. असे दगड पायथ्याशी शतकानुशतकं साचत राहिले.