कमला सोहोनींची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

परवा वर्ध्याच्या एका मुलीने तिचं एसओपी तपासायला दिलं. बायोटेकसाठी परदेशी अर्ज करतेय. सुरुवातच कमला सोहोनींपासून: १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, पुढे केंब्रिज. बस्स. तिची चूक नाही म्हणा, कमलाबाईंवरचे बरेचसे लेखही इथेच दमतात. तुम्हीही वाचले असतील.

पण काम? केंब्रिजला जाण्याआधी त्यांनी बंगळूरला दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर संशोधन केलं होतं. रिकाम्या हाताने नाही गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी सापडलं. १९३९ ची पीएचडी, प्रबंध जेमतेम ४० पानांचा (आपल्याकडे एवढी तर प्रस्तावनाच होते!). परतल्यावर मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास. तीच नीरा, जिच्यापासून होणाऱ्या ताडगुळाचा प्रसार आपल्या मगनवाडीतला ग्रामोद्योग संघ करायचा. हा भाग कुणी सांगतच नाही.

तिला म्हटलं, पहिला परिच्छेद काढ. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद का देत नाही, यावर तुझा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता ना? तो चौथ्या पानावर कशाला ठेवलास?