जुनाट मानदुखीतील मस्तक व नेत्र नियंत्रणाचे मूल्यमापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

मानदुखीचे मूल्यमापन दीर्घकाळ दोनच अंगांनी होत आले : वेदना किती आणि मान वळते किती. परंतु जुनाट मानदुखीचे, विशेषतः वाहन अपघातात मानेला हिसका बसलेले, अनेक रुग्ण भोवळ येणे, वाचताना अक्षरे हलल्यासारखी वाटणे, नजर न ठरणे अशा तक्रारी करतात. क्ष-किरण वा एमआरआय तपासणीत त्यांचे कारण बहुधा दिसत नाही आणि मग रुग्णाच्या सांगण्यावरच संशय घेतला जातो. मस्तक व नेत्र नियंत्रणाच्या चाचण्यांचे महत्त्व येथे आहे.

चाचण्यांचे स्वरूप

कवटीच्या तळाशी असलेल्या लहान स्नायूंत ताण टिपणारी संवेदी अंगे फार दाट असतात. त्यांचे संदेश, अंतर्कर्णाचे संदेश व दृष्टी यांच्या मेळातून मस्तकाच्या स्थितीची जाण होते आणि नजर स्थिर राहते. मानेकडून येणारा संदेश सदोष झाला की हा मेळ बिघडतो, असे या चाचण्यांमागील गृहीतक आहे.

फ्रान्समधील रेवेल व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेल्या चाचणीत रुग्णाच्या मस्तकावर प्रकाशदर्शक बसवून त्याला 90 सें.मी. अंतरावरील लक्ष्यासमोर बसवले जाते. डोळे झाकून मान वळवायची आणि मूळ स्थितीत परत आणायची. परतताना 4.5 अंशांहून अधिक चूक झाल्यास जाण बिघडल्याचे मानले गेले. त्येल व रोझेनहॉल यांनी 1998 मध्ये दुसरी चाचणी मांडली. तीत मस्तक स्थिर ठेवून धड 45 अंश वळवतात आणि हलत्या लक्ष्याचा डोळ्यांनी होणारा पाठलाग मान सरळ असतानाच्या पाठलागाशी ताडून पाहतात. ऑस्ट्रेलियातील ट्रेलेव्हन यांच्या लेखनामुळे अशा चाचण्या फिजिओथेरपीच्या व्यवहारात रुजल्या.

चिकित्सा

दुसऱ्या चाचणीची रचना तर्कदृष्ट्या अधिक भक्कम आहे. तीत रुग्णाची तुलना स्वतःशीच होते. मस्तक हलत नसल्याने अंतर्कर्णाचा प्रभाव दोन्ही स्थितींत समान राहतो आणि बदलते ती केवळ मान. तथापि मूळ संशोधनात नेत्रगती यंत्राने नोंदवली होती. दवाखान्यात तीच गोष्ट परीक्षकाच्या नजरेवर सोडली जाते. डोळ्यांची बारीक उडी एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय पुढील सर्वच अभ्यासांत मूळ निष्कर्षांना दुजोरा मिळालेला नाही.

पहिल्या चाचणीस एक लेझर दिवा व एक कागद पुरतो, हा तिचा मोठा गुण होय. मात्र या सोपेपणामुळेच चूक शिरते. 90 सें.मी. अंतरावर 4.5 अंश म्हणजे सुमारे 7 सें.मी. रुग्ण 60 सें.मी.वर बसवला, तर तेच 7 सें.मी. जवळपास 6.7 अंश होतात. अंतर न मोजता केवळ सेंटिमीटरची नोंद केल्यास निरोगी व रुग्ण यांतील सीमारेषाच सरकते. एकाच प्रयत्नावर निष्कर्ष काढणेही असमर्थनीय आहे. अनेक प्रयत्नांची सरासरी घेणे आवश्यक ठरते.

याहून गंभीर आक्षेप सप्रमाणतेविषयीचा आहे. रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटाहून वेगळी असणे आणि समोरच्या एका रुग्णाचे निदान होणे या भिन्न गोष्टी आहेत. दोन्ही गटांतील मोजमापे परस्परांत मिसळतात. वेदनेच्या भीतीने मान जपून वळवणारा रुग्ण आणि जाण बिघडलेला रुग्ण यांची कामगिरी वरवर सारखी दिसू शकते. भोवळीचे मूळ अंतर्कर्णात वा मेंदूतही असू शकते. ते वगळल्याशिवाय मानेवर ठपका ठेवणे रुग्णासाठी धोक्याचे आहे.

समारोप

या मर्यादांमुळे चाचण्या टाकाऊ ठरत नाहीत. रेवेल यांच्याच 1994 मधील यादृच्छिक चाचणीत डोळे व मान यांच्या समन्वयाच्या व्यायामांनी स्थितीची जाण सुधारल्याचे आढळले. म्हणजेच जे मोजले जाते ते बदलताही येते. यास्तव या चाचण्यांकडे निदानाचा निवाडा म्हणून न पाहता उपचाराची दिशा ठरवणारे व प्रगती तपासणारे साधन म्हणून पाहणे उचित होय. त्यासाठी अंतर, प्रयत्नांची संख्या व नोंदीची पद्धत निश्चित असावी. चाचणीचा निकाल सामान्य आला, एवढ्यावरून रुग्णाची भोवळ खोटी ठरत नाही, याचे भान परीक्षकाने सदैव राखले पाहिजे.