देखू ना भो! ‘सिंहासन’मध्ये नसलेला मतदार

‘सिंहासन’वर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे लोक आधी मान डोलावतात. १९७९ चा चित्रपट, दिग्दर्शक जब्बार पटेल, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि पटकथा तेंडुलकरांची. इतकी वर्षं झाली तरी सरकार डळमळलं की कुणीतरी ‘हे तर सिंहासनच’ म्हणतोच. मीही म्हणतो. पण आज खानदेशात उभा राहून बोलतोय, तर एक तक्रार नोंदवतो. या चित्रपटाने आपल्याला राजकारण बघायची जी सवय लावली, तिच्यात मत न ठरलेला माणूस बसत नाही.

चित्रपट आठवा. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, म्हणजे डॉ. लागू. भांडण एकाच पक्षातलं. प्रश्न एकच, आपल्या बाजूला आमदार किती? ही मोजदाद दाखवण्यात चित्रपट जबरदस्त आहे. कुंपणावरचा आमदार तिथे महत्त्वाचा, कारण तो कुठे उडी मारतो यावर खुर्ची ठरणार. त्याच्या ‘बघू’ला किंमत आहे, दोन्ही अर्थांनी. त्याला ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या ‘बघू’ला नाही. आता मतदानाचा दिवस हा या गोष्टीचा विषयच नव्हे, हे मान्य. जे दाखवायचंच नव्हतं ते का नाही दाखवलं, असं विचारणं ही वाईट समीक्षा.

माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरून बघणाऱ्याची जागा चित्रपटाने रिकामी सोडलेली नाही. तिथे दिगू टिपणीस बसवलाय. निळूभाऊंनी काय काम केलंय, त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल! पत्रकार, सगळीकडे वावर, कुणाचाच नाही. आपण चित्रपटभर त्याच्या डोळ्यांनी बघतो. आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याने आपल्याला असं पटवलं, की जो कुणाच्याच बाजूचा नाही त्याला एक तर सगळं कळून चुकलंय, नाहीतर वेड लागलंय. तिसरी शक्यताच नाही.

ती तिसरी शक्यता जळगावात बघायला मिळते. २०१९ ची लोकसभा घ्या. भाजपने विद्यमान खासदार ए. टी. पाटील यांचं तिकीट कापलं. स्मिता वाघ यांचं नाव जाहीर झालं. मग तेही बदललं आणि चाळीसगावचे तेव्हाचे आमदार उन्मेष पाटील यांना उमेदवारी मिळाली. मतदान २३ एप्रिलला, म्हणजे नाव बदललं तेव्हा हातात तीन आठवडेही नव्हते. अमळनेरला तर प्रचारसभेच्या व्यासपीठावरच पक्षातल्या लोकांची हाणामारी झाली. २०२४ ला उलटं. उन्मेष पाटलांचं तिकीट गेलं, स्मिता वाघांना मिळालं. ते ठाकरेंच्या शिवसेनेत गेले, आणि तिथे उमेदवारी करण पवारांना.

या सगळ्यात कापूस विकून घरी आलेला, वर्षानुवर्षं एकाच चिन्हाला मत देणारा माणूस घ्या. त्याला विचारलं की तो म्हणतो, ‘देखू ना भो.’ आपण शहाणे लोक याचा अर्थ लावतो : घाबरतोय, किंवा पाकिटाची वाट बघतोय. माझं वाचन वेगळं आहे. चिन्ह त्याचं ठरलेलं आहे. माणूस कोण हे मात्र दुसऱ्यांनी ठरवलं, दोनदा ठरवलं, त्याला न विचारता. ‘देखू’ हे त्या ठरवण्यावरचं त्याचं मत आहे. ते नोंदवायला मतपत्रिकेत खाना नाही, म्हणून तो पारावर नोंदवतो.

तो खाना कुठे असतो? अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीप्रधान राज्य आहे. तिथे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे सांगायला गावोगावच्या शाळांत, सभागृहांत साधे मतदार जमत. १९७६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या या सभांत सगळ्यांत मोठा गट होता ‘आम्ही कुणालाच बांधलेले नाही’ म्हणणाऱ्यांचा. जिमी कार्टर त्यांच्या मागे होते. बातमी मात्र कार्टरांची झाली आणि ते अध्यक्षही झाले. पण न ठरलेल्यांची मोजणी तरी झाली! आपल्याकडे काँग्रेसने २०१४ ला लातूर आणि वर्ध्यात अंतर्गत मतदानाने उमेदवार ठरवून पाहिला. मत द्यायला पक्षाचेच पदाधिकारी. पारावरचा माणूस तिथेही बाहेरच राहिला, आणि दोन्ही जागा गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, जळगावात एवढा गोंधळ होऊनही भाजप २०१९ ला चार लाखांहून अधिक मतांनी जिंकला. मग ‘देखू’वाला शेवटी चिन्हाकडेच गेला की! बरोबर आहे. पण त्याच वर्षी विधानसभेला मुक्ताईनगर बघा. १९९० पासून तिथले आमदार असलेल्या एकनाथ खडसेंना तिकीट नाकारलं, त्यांच्या कन्येला दिलं, आणि ती जागा दोन हजारांच्या आसपास मतांनी गेली. २०२४ ला धुळ्यात काँग्रेसने नाशिकच्या शोभा बच्छावांना आणलं तेव्हा ‘बाहेरचा उमेदवार’ म्हणून पक्षातच राजीनामे पडले. त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. त्या निकालात मालेगाव मध्यच्या आघाडीचा वाटा मोठा आहे, म्हणून धुळ्याचं उदाहरण मी फार ताणणार नाही. मुक्ताईनगरचं ताणतो. तिथे हजारभर माणसांचं ‘देखू’ इकडचं तिकडे झालं असतं, तर निकाल फिरला असता.

‘सिंहासन’ला हा माणूस दाखवता आला नसता असं मला वाटत नाही. चित्रपट मुख्यमंत्र्यांना आलेल्या फोनने सुरू होतो. तसाच फोन इथे तालुक्याच्या कार्यालयात येतो, ‘नाव बदललंय’ म्हणून. मग कार्यकर्त्याला रातोरात पत्रकं बदलावी लागतात आणि सकाळी त्याच दारात जावं लागतं, जिथे काल तो दुसऱ्या नावाने मत मागून आला. दार उघडणारा काय म्हणतो, त्याचा चेहरा कसा होतो, हे मला पडद्यावर बघायचं होतं. दिगू तिथे गेला नाही. त्याचं वार्तापत्र मुंबईतच संपलं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.