'कऋखृग' म्हणजे काय?

'क + ख = ग' असे टंकायला जावे आणि पडद्यावर 'कऋखृग' उमटावे! मराठी माध्यमाच्या गणित शिक्षकांना हा प्रकार नवा नसेल. यात दोष बोटांचा नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला आणि १९९१ च्या भारतीय मानकात (आयएस १३१९४) आलेला इनस्क्रिप्ट कळफलक पाहा. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मांडणी खरोखर शास्त्रशुद्ध आहे. पण अक्षरांना जागा करताना गणिताची चिन्हे घराबाहेर गेली. = च्या जागी ृ, + च्या जागी ऋ, / च्या जागी य, < च्या जागी ष. भाषेच्या शिक्षकाला हे जाणवतही नाही. गणिताच्या शिक्षकाला मात्र प्रत्येक ओळीत इंग्रजीत जाऊन परत यावे लागते.

आमच्या शाळेत (पारनेर तालुका, जि. अहिल्यानगर) एका सहकाऱ्याने यावर सोळा कळांचा वेगळा फलक बनवला. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, बाहेर यूएसबीची वायर. महिनाभर तो वापरून हे लिहितो आहे.

भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत त्याने मोठी सोय झाली. ∠, ⊥, ∴ यांसाठी कोरी जागा सोडून नंतर पेनाने चिन्हे काढण्याचे काम संपले. पण कळांची निवड मला पटली नाही. Σ आणि ∫ ला मानाची जागा. दहावीपर्यंत ∫ चे काम काय? आणि + व = नाहीत, कारण 'ती मोठ्या कळफलकावर आहेतच'.

मग ती बसवली, तर पुन्हा ऋ आणि ृ! कारण असे की कळफलक संगणकाला चिन्ह पाठवत नाही, फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे = करायचे की ृ, हे संगणकात त्या वेळी चालू असलेली भाषा ठरवते. यावर वाट आहे. एफ १३ ते एफ २४ अशा बारा कळांचे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, पण नेहमीच्या कळफलकावर त्या कळा नसतात. फलकाने ते क्रमांक पाठवावेत आणि संगणकातल्या छोट्या प्रोग्रामने त्यांची चिन्हे करावीत.

खरी अडचण याहून खोल आहे. घटक चाचणीत आम्ही या फलकावरून √९+१६ छापले. काहींनी उत्तर ५ लिहिले, काहींनी १९. आम्हाला ५ हवे होते, पण मूळचिन्हाची आडवी रेघ १६ पर्यंत गेलेली नव्हती. १९ ला चूक म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरला नाही. गणित एका ओळीत मावत नाही. अपूर्णांक, घातांक, मूळ यांत कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, यालाच अर्थ असतो. डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक्' प्रणालीत (१९७८) मूळचिन्हाखाली एकाहून अधिक पदे घ्यायची, तर ते कुठपर्यंत लागू हे महिरपी कंस घालून सांगावेच लागते. आमच्या फलकाला हे कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा √ ची कळ दाबताच सोबत कंसाची जोडीही उमटावी आणि कर्सर कंसाच्या आत थांबावा, असे मी सहकाऱ्याला सुचवले आहे. घातांकासाठी वेगळी कळ लागेल. ∫ ची जागा त्यासाठी आहेच.