कर्त्याची सही आणि रसिकांची कात्री

कलाकृति एकदां लोकांच्या हवालीं केल्यावर तिजवर कर्त्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो, हा प्रश्न आपल्या वाङ्मयचर्चेंत नवा नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढें तींत कोणी आपली ओवी घालूं नये अशी ताकीदहि देऊन ठेविली. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या शेंकडों पोथ्या समोर मांडून पंडितांनीं जें काम पिढीभर केलें, त्याचाहि एक मुख्य हेतु प्रक्षेप वेगळे काढणें हाच होता. परंतु या दोन्ही ठिकाणीं कर्ता हयात नव्हता आणि प्रक्षेप करणारे परके होते. कर्ता हयात आहे, प्रक्षेप त्यानें स्वतःच केले आहेत, आणि ते काढून टाकून मूळ पाठ वांचविण्याची खटपट त्याचेच भक्त त्याच्या इच्छेविरुद्ध करीत आहेत, असा चमत्कारिक प्रकार अमेरिकेंतील ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाच्या बाबतींत घडला. त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

विज्ञानकथेच्या एका लोकप्रिय चित्रपटावर मासिकाचीं इतकीं पानें खर्चावीं काय, असें आमचे कांहीं विद्वान मित्र विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, पाठशुद्धीचे नियम ग्रंथाच्या थोरवीवर अवलंबून नसतात. शिवाय हा चित्रपट वाटतो तितका उथळहि नाहीं. कथा जुनीच आहे : पोरका मुलगा, वनवासी म्हातारा गुरु, बंदींत पडलेली राजकन्या आणि पैशाखातर वाटेल त्याचें भाडें घेणारा एक बेफिकीर नावाडी. नवें आहे तें तिचें अंग. यांतील विमानें कळकट आहेत, यंत्रें खरचटलेलीं आहेत. हें कल्पित जग कोणी तरी वापरून जुनें केलेलें दिसतें, आणि म्हणूनच तें खरें वाटतें. कथेला जो वेग आहे तो मुख्यतः संकलनाचा. पहिल्या संकलकाचें काम दिग्दर्शक जॉर्ज लूकस यांस पसंत पडलें नाहीं. तें बाजूस ठेवून पॉल हर्श, मार्शिया लूकस व रिचर्ड च्यू या तिघांनीं चित्रपट पुन्हां जुळविला आणि १९७८ सालीं त्या तिघांस संकलनाचें अकादमी पारितोषिक मिळालें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ‘कर्ता’ हा शब्द येईल तेव्हां ती उपयोगी पडेल.

२५ मे १९७७ रोजीं हा चित्रपट प्रथम पडद्यावर आला. १९८१ मध्यें त्याच्या आरंभींच्या सरकत्या मजकुरावर ‘चौथें प्रकरण’ असा नवा मथळा चढला. हा बदल किरकोळ. खरी दुरुस्ती झाली ती १९९७ मध्यें. वीस वर्षें झाल्याच्या निमित्तानें लूकस यांनीं तीनहि जुन्या चित्रपटांची ‘विशेष आवृत्ति’ काढली, तींत संगणकानें तयार केलेलीं जनावरें, वाहनें व इमारती घातल्या, कांहीं टाकून दिलेलीं दृश्यें परत आणलीं. मग २००४ मध्यें आणखी फेरफार, २०११ मध्यें आणखी, २०१९ मध्यें पुन्हां एक. चित्रपटाचे पाठ असे वाढत गेले कीं त्यांची वंशावळच मांडावी लागते.

या फेरफारांपैकीं पुष्कळ निरुपद्रवी आहेत. पण एक तसा नाहीं. वाळवंटांतील एका गुत्त्यांत हान सोलो हा नावाडी बसला आहे. सावकाराचा मारेकरी ग्रीडो त्याच्यापुढें बंदूक रोखून बसतो आणि आज तुझा शेवट, असें सुचवितो. सोलो गोड बोलत राहतो, टेबलाखालीं हळूच आपलें हत्यार काढतो आणि त्यास ठार करतो. मग गुत्तेवाल्यापुढें नाणें टाकून निघून जातो. १९७७ च्या पाठांत एवढेंच आहे. १९९७ च्या पाठांत ग्रीडो आधीं गोळी झाडतो. हातभर अंतरावरून झाडतो आणि चुकतो ! २००४ मध्यें दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदम सुटतात. २०१९ मध्यें ग्रीडोच्या तोंडीं कोणासहि अर्थ न लागणारा एक शब्द घालण्यांत आला. एकाच क्षणावर इतक्या वेळां हात फिरवावा लागला, यावरूनच तो हात कोठें तरी चुकत होता हें उघड होतें.

असें करण्याचें कारण नैतिक होतें. आपल्या नायकानें प्रथम शस्त्र उगारणें लूकस यांस पुढें खटकूं लागलें. पण सोलो हा आरंभीं नायक नाहींच. तो स्वार्थी आहे, धूर्त आहे, जीव वांचविण्यापलीकडे त्याला धर्म ठाऊक नाहीं. चित्रपटाच्या अखेरीस पैसे घेऊन निघून गेलेला हाच मनुष्य ऐन युद्धांत परत येतो आणि मित्राचा प्राण वांचवितो. त्या परतण्याला जी किंमत आहे ती गुत्त्यांतील गोळीमुळें. आरंभींच त्याच्या हातांत ढाल दिली, तर शेवटीं त्यानें टाकलें काय ? एका सेकंदाचा हा बदल, पण त्यानें दोन तासांच्या स्वभावरेखनाची मुळी तुटते. नीतीच्या सोवळ्यापायीं कलेचें नुकसान कसें होतें याचें इतकें स्वच्छ उदाहरण वर्गांत शिकवावयास क्वचितच सांपडतें.

दुसरें उदाहरण जब्बा या सावकाराचें. त्याचें आणि सोलोचें संभाषण मूळ चित्रीकरणांत झालें होतें. तेव्हां जब्बाचें काम एका नटानें केलें होतें. तें दृश्य १९७७ मध्यें गाळलें. १९९७ मध्यें त्या नटाच्या जागीं संगणकाचा गोगलगाईसारखा प्राणी बसवून तें परत आणलें. नट चालतांना सोलो त्याच्या मागून गेला होता. आतां तेथें शेंपूट आलें, म्हणून सोलो त्या शेंपटीवर पाय देऊन जातो, अशी विनोदी डागडुजी करावी लागली. परंतु मुख्य दोष निराळाच आहे. या दृश्यांत जें सांगितलें जातें तें ग्रीडोच्या तोंडून नुकतेंच सांगून झालेलें असतें. आणि ज्या सावकाराचें नुसतें नांव ऐकून भीति वाटत होती, जो प्रत्यक्ष दिसावयास १९८३ चा तिसरा चित्रपट यावा लागला, तो येथें पाऊण तासाच्या आंतबाहेर शेंपूट तुडवून घेऊन निघून जातो. गाळणाऱ्या संकलकांस जें कळलें होतें तें परत आणणाऱ्यांस कळलें नाहीं.

आतां कर्त्याच्या बाजूनें बोललें पाहिजे. आपली कृति सुधारण्याचा हक्क कर्त्यास नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. हेन्री जेम्स यानें उतारवयांत, १९०७ ते १९०९ या काळांत, आपल्या कादंबऱ्यांची जी न्यूयॉर्क आवृत्ति काढली तींत जुनीं वाक्येंच्या वाक्यें बदललीं. टीकाकार अद्यापि वाद घालतात कीं तरुण जेम्स बरा कीं वृद्ध. पण वाद घालतां येतो, कारण दोन्ही पुस्तकें कपाटांत शेजारीं उभीं आहेत. येथें तसें झालें नाहीं. १९९७ च्या आवृत्तीसाठीं मूळ निगेटिव्हच कापून नव्या पाठाप्रमाणें जुळविण्यांत आली. २००४ मध्यें डीव्हीडी निघाल्या त्या फक्त सुधारलेल्या पाठाच्या. २००६ मध्यें जुना पाठ जोडपत्रासारखा बरोबर दिला, पण तो १९९३ सालच्या लेझरडिस्कसाठीं केलेल्या प्रतीवरून. नव्या पडद्यावर तो धुक्यांतून पाहिल्यासारखा दिसे. कर्त्यानें दुसरी आवृत्ति काढणें वेगळें आणि पहिली दुर्मिळ करणें वेगळें. हा भेद लूकस यांस ठाऊक नव्हता असें म्हणवत नाहीं. कारण १९८८ मध्यें, जुन्या कृष्णधवल चित्रपटांस रंग चढविण्याची टूम निघाली असतां, अमेरिकेच्या काँग्रेसपुढें जाऊन जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध त्यांनींच मोठ्या तळमळीनें साक्ष दिली होती. पुढल्याच वर्षीं राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. तो अर्थात् १९७७ चा.

या पार्श्वभूमीवर रसिकांच्या उद्योगाकडे पाहिलें म्हणजे त्यांत दोन अगदीं निराळे पंथ दिसतात. त्यांस एकाच नांवानें हांक मारल्यामुळें बराच घोटाळा झाला आहे.

पहिला पंथ जीर्णोद्धारकांचा. २०११ पासून एका चेक तरुणानें, इतरांच्या साह्यानें, जी ‘विशेषत्व काढलेली’ आवृत्ति तयार केली ती या पंथाची. नव्या स्वच्छ प्रतीचा पाया धरावयाचा, जेथें जेथें प्रक्षेप असेल तेथें तेथें जुन्या डीव्हीडींतून, जुन्या फिल्मच्या तुकड्यांतून मूळ दृश्य आणून सांधावयाचें, आणि रंग जुळवावयाचा, असें हें शिवणकाम. कधीं कधीं एकाच चौकटींत तीन ठिकाणचे तुकडे बसवावे लागले. पुढें दुसऱ्या एका मंडळीनें हा सांधेजोडीचा मार्ग सोडून १९७७ सालच्या, चित्रगृहांत प्रत्यक्ष फिरलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीच संगणकांत उतरविल्या. त्यांतल्या टेक्निकलर पद्धतीच्या प्रतींचे रंग टिकतात. त्या काळच्या साध्या प्रती मात्र तांबूस पडून जातात. पोथी वाळवीनें खाल्लेली निघावी आणि तिचीच नकल कोरड्या कपाटांत सांपडावी, तसा हा प्रकार.

आणि येथें पाठशुद्धीचा जुनाच पेंच उभा राहिला. मूळ पाठ म्हणजे कोणता ? १९७७ मध्येंहि ध्वनीचीं तीन निरनिराळीं मिश्रणें होतीं : मोठ्या ७० मिलिमीटरच्या प्रतींसाठीं एक, स्टीरिओ प्रतींसाठीं दुसरें, साध्या एकध्वनि प्रतींसाठीं तिसरें. त्यांत कांहीं वाक्यें निराळीं आहेत. ल्यूकच्या काकूचा आवाजहि एकसारखा नाहीं. म्हणजे ज्या एका शुद्ध पाठासाठीं भक्त झगडत होते, तो जन्मतःच त्रिविध होता. जीर्णोद्धारकांनीं यावर जो उपाय केला तो आम्हांस फार प्रशंसनीय वाटतो. त्यांनीं निवाडा दिला नाहीं. तीनहि ध्वनि जोडून दिले आणि प्रेक्षकास निवडूं दिलें. तळटीपेंत पाठभेद देणाऱ्या संपादकाहून हें वेगळें नव्हे. त्यांच्या उद्योगास कायद्याचें पाठबळ नाहीं हें खरें. २०१२ पासून हा चित्रपट डिस्ने कंपनीच्या मालकीचा आहे. परंतु मालकाच्या पेटींत बंद असलेल्या वस्तूची आठवण या लोकांनीं जागती ठेवली. जून २०२५ मध्यें लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें आपल्या महोत्सवांत १९७७ ची जुनी प्रत पडद्यावर दाखविली, ती एक मोठी घटना म्हणून गाजली. एका जुन्या चित्रपटाची जुनी प्रत दाखविणें ही वार्ता व्हावी, यांतच सर्व आलें.

दुसरा पंथ सुधारकांचा. १९९९ मध्यें लूकस यांनीं पूर्वकथेचा पहिला भाग काढला तो पुष्कळांस निराश करून गेला. थोड्याच दिवसांत एका धंदेवाईक संकलकानें त्यांतील सुमारें वीस मिनिटें कापून आपली आवृत्ति फिरविली. जार जार या विदूषकाचे चाळे कमी केले, गूढ शक्तीचें रक्तांतील जंतूंच्या आधारें केलेलें स्पष्टीकरण छाटलें, लहान मुलाच्या तोंडचे अवेळचे हर्षोद्गार काढले. ही कात्री जाणत्या हाताची आहे यांत शंका नाहीं. ज्या ठिकाणीं तो कापतो त्या प्रत्येक ठिकाणीं टीकाकारानें समासांत खूण केलीच असती. किंबहुना हें संकलन म्हणजे शब्दांवांचून लिहिलेली टीकाच होय, आणि टीका म्हणून तें उत्तम आहे. पण कृति म्हणून ? विदूषक गप्प बसला तरी तो प्रत्येक चौकटींत उभाच आहे. चार ठिकाणच्या चार लढाया एकाच वेळीं चालवून शेवट विस्कटला आहे, तो विस्कटलेलाच राहतो. कात्रीला छाटतां येतें, पेरतां येत नाहीं. तोफर ग्रेस या नटानें २०१२ मध्यें पूर्वकथेचे तीनहि चित्रपट मिळून ८५ मिनिटांचा एकच करून मित्रमंडळींस दाखविला, तेव्हां सर्वांस मौज वाटली. ती मौज मुख्यतः काय काय गाळलें तें आठवण्याची असणार, असा आमचा तर्क आहे.

या दुसऱ्या पंथांत एक धोकाहि आहे. जानेवारी २०१८ मध्यें, आदल्या वर्षीं निघालेल्या ‘द लास्ट जेडाय’ या चित्रपटाची एका निनावी मनुष्यानें केलेली आवृत्ति बाहेर पडली. अडीच तासांचा चित्रपट तीत ४६ मिनिटांवर आला होता. गाळलें काय, तर स्त्रियांनीं केलेला पराक्रम आणि पुरुषांस दिलेल्या आज्ञा ! येथें कात्री टीकाकाराची नव्हे, कुढ्या मनाची आहे. जें पटत नाहीं तें दिसूंच नये, एवढाच हिचा सिद्धान्त. आणि सोलोच्या हातून पहिली गोळी काढून घेणाऱ्या कर्त्याचा सिद्धान्त, हेतु कितीहि निराळा असला तरी, पद्धतीनें याच जातीचा होता. आम्ही पहिल्या पंथाची बाजू घेतों ती म्हणूनच. त्या पंथाच्या लोकांना आपली आवड बाजूस ठेवावी लागते. त्यांच्या आवृत्तींत जुनें भरड चित्रण आहे, वाहनाखालीं लांवलेला ओबडधोबड पुसट डाग आहे, हिशेबांत न बसणाऱ्या चुका आहेत.

त्यांतील एक चूक प्रसिद्ध आहे. शत्रूचे शिपाई एका खोलींत शिरतात तेव्हां त्यांपैकीं एकाचें डोकें दारावर आपटतें. चित्रीकरणांत तें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. २००४ च्या आवृत्तींत तें पुसलें नाहीं, उलट त्यावर ‘ठक्’ असा आवाज बसविला, म्हणजे चुकीचा विनोद झाला. जीर्णोद्धारकांनीं १९७७ चाच ध्वनि जोडला. त्यांच्या प्रतींत शिपायाचें डोकें पूर्वीसारखेंच, निमूटपणें, दारावर आपटतें आणि तो आंत निघून जातो.